भोपाळचे पाणी आणि विम्याचा कायदा

डिसेंबर आला की शाळेत भोपाळचा विषय निघतो. २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली ती रात्र, युनियन कार्बाइडचा कारखाना, विषारी वायू, हजारो मृत्यू. मुलांना इतके ठाऊक असते. पण त्याच कारखान्याशेजारच्या वस्त्यांत हातपंपाचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही, हे त्यांनी क्वचितच ऐकलेले असते.

हे पाणी त्या रात्रीच्या वायूने नासले नाही. कारखान्यात कीटकनाशके तयार होत आणि त्यांचा रासायनिक कचरा वर्षानुवर्षे आवारातच टाकला जाई. १९७७ मध्ये सांडपाणी उन्हात आटवण्यासाठी तळी बांधली गेली. कारखाना बंद पडला, कचरा मागे राहिला आणि त्यातली विषे हळूहळू जमिनीत झिरपत गेली. अखेर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवण्याचा आदेश राज्य सरकारला दिला.

ही जमीन आणि पाणी साफ करण्याचा खर्च कोणी द्यायचा?

भोपाळनंतर १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विमा कायदा झाला. घातक रसायने हाताळणाऱ्या मालकाला विमा सक्तीचा झाला. चूक कोणाची हे सिद्ध न करताही पीडिताला मदत मिळू लागली. मूळ कायद्यात मृत्यूसाठी २५,००० रुपये आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी जास्तीत जास्त ६,००० रुपये होते. १९९२ च्या दुरुस्तीने मालकाला हप्त्याइतकीच रक्कम पर्यावरण मदत निधीतही भरावी लागू लागली.

पाऊल चांगलेच होते. पण कायद्याच्या केंद्रस्थानी ‘अपघात’ होता, आणि अर्ज अपघातापासून पाच वर्षांच्या आत करायचा होता. झिरपणाऱ्या विषाची तारीख कोणती धरायची? मदतीच्या यादीत मृत्यू, इजा, औषधोपचार, बुडालेली मजुरी, मालमत्ता हे सारे होते. विहिरीखालचे पाणी साफ करण्याचा खर्च नव्हता.

अमेरिकेतही हेच घडले होते. १९७३ पासून तिथल्या दायित्व विम्यात ‘अचानक आणि अपघाताने’ झालेले प्रदूषणच भरपाईस पात्र ठरे. १९८० मध्ये सरकारने सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यांवर टाकणारा कायदा केला, तेव्हा ‘अचानक’ या शब्दावर कोर्टात वर्षानुवर्षे भांडणे चालली. १९८६ मध्ये विमा कंपन्यांनी नेहमीच्या पॉलिसीतून प्रदूषण जवळपास पूर्णच वगळले.

आपल्याकडे तर हुकूम असूनही विमा निघाला नाही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितले होते, की वायूच्या संपर्कात आलेल्या, पण अद्याप लक्षणे न दिसणाऱ्या सुमारे एक लाख लोकांचा वैद्यकीय विमा उतरवा. मार्च २०२३ मध्ये जादा भरपाईची याचिका फेटाळताना न्यायालयानेच नोंदवले, की हा विमा उतरवलाच गेला नाही आणि ही सरकारची घोर हयगय आहे.

जानेवारी २०२५ मध्ये, ४० वर्षांनी, आवारातला ३३७ टन कचरा पीथमपूरला नेला गेला. जमिनीत मुरलेले मात्र तिथेच आहे. वायूची झळ शहराने एका रात्रीत सोसली. पाण्याची झळ ज्यांना दुसरीकडे घर घेणे परवडत नाही, ते रोज सोसतात. भरपाईच्या कागदावर तारीख लागते, म्हणून त्यांचे दुःख कागदाबाहेर राहिले. तेव्हा आपल्या गावाशेजारी कारखाना उभा राहत असेल तर रोजगाराबरोबर एवढेही विचारा: विहीर नासली तर ती साफ करण्याचे पैसे कोणत्या कागदावर लिहिलेले आहेत?