शेळी, आबनूस आणि झरा

बाणस्तारीचे नाव घेतले की गोमंतकीयांस १५१२ चा वेढा आठवतो. आदिलशाही सरदार रसूलखान याने तो किल्ला सोडताना आपल्याकडे आलेल्या पोर्तुगीज फितुरांच्या जिवाची हमी आल्बुकर्ककडून घेतली होती. आल्बुकर्कने त्यांचे जीव राखले. मात्र नाक, कान, उजवा हात आणि डावा अंगठा छाटविला. त्यांपैकी फेर्नांव लोपिश हा पुढे १५१६ च्या सुमारास स्वदेशी जाताना वाटेत सेंट हेलेना बेटावर उतरला आणि तेथेच राहिला. त्या बेटाचा हा पहिला ज्ञात रहिवासी होय.

दक्षिण अटलांटिक महासागरातील हे ज्वालामुखी बेट जेमतेम १२२ चौरस किलोमीटरांचे आहे. १५०२ साली पोर्तुगीजांस ते सापडले, तेव्हा तेथे माणूस नव्हता आणि चतुष्पादही नव्हता. हिंदुस्थानच्या वाटेवरील गलबतांस ताजे मांस मिळावे म्हणून खलाशांनी तेथे शेळ्या सोडल्या. १५८८ मध्ये इंग्रज दर्यावर्दी कॅव्हेंडिश तेथे पोचला, त्या वेळी सुमारे मैलभर लांबीचे कळप दृष्टीस पडत होते.

शेळी मोठा वृक्ष पाडीत नाही; तिने खाल्ली ती रोपे. जुने वृक्ष उभे असेतो अरण्य शाबूत दिसले. परंतु ते वठल्यावर त्यांची जागा घेण्यास कोणी उरले नव्हते. मग उघड्या उतारांवरील माती पावसाने वाहून नेली. उंच शिखरांवरील झाडे आणि वृक्षनेचे धुक्यातून पाणी टिपून घेतात; झऱ्यांच्या पाण्यात या धुक्याचा मोठा वाटा असतो. अर्थात झाड गेले की मातीबरोबर पाण्याचा एक स्रोतही जातो.

१६५९ पासून बेट इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. १७३१ मध्ये मोकाट जनावरे मारण्याचा हुकूम निघाला. तथापि १७४५ साली गव्हर्नर डनबार याने, शेळ्या आबनुसाच्या कोवळ्या झाडांची साल सोलून ती मारीत आहेत म्हणून त्यांस ठार करण्याची आज्ञा दिली, तेव्हा संचालकांचे उत्तर आले की शेळ्या मारू नयेत, त्या आबनुसाहून अधिक मोलाच्या आहेत. हिशेबाच्या वहीत मांसाला रकाना होता. माती आणि झरा यांना नव्हता. तो रकाना पुढे निराळ्या नावाने उघडावा लागला. १८१० मध्ये गव्हर्नरने अरण्ये नष्ट झाल्याचे कळविले, आणि सरकारी कामासाठी बाहेरून आणलेल्या जळणाचा एका वर्षाचा खर्च २७२९ पौंडांवर गेल्याचे नमूद केले.

नाहीसा झाला असे मानलेल्या त्या आबनुसाची दोन झुडपे १९८० साली जॉर्ज बेंजामिन यांस एका दुर्गम कड्यावर आढळली. जेथे शेळीचे तोंड पोचले नाही, तेथेच ती वाचली होती. प्राचीन महारण्याच्या जागी २००० पासून गोंदवृक्षांची लागवड चालू झाली, आणि अलीकडे शिखरांवरील मेघारण्यही पुन्हा उभे करण्यात येत आहे. जे रोप राखण्यास एक कुंपण पुरले असते, ते आता एकेक करून हातांनी लावावे लागते.

आम्हांस या इतिहासात कायद्याचा एक प्रश्न दिसतो. शेळीची बाजू मांडणारे लंडनला बसले होते; झऱ्याची बाजू मांडील असा कोणी नव्हता. आपल्या पूर्वजांनी ही उणीव ओळखली होती काय, हे सांगणे कठीण; परंतु राई आणि तिच्यातील झरा देवाच्या नावे ठेवण्याची रीत त्यांनी घातली. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने प्रमथनाथ मल्लिक यांच्या खटल्यात देवमूर्तीस विधिमान्य व्यक्ती मानले, आणि तिचे म्हणणे ज्याचा स्वतःचा हितसंबंध नाही अशा मित्राने मांडावे, असे ठरविले. देवराई चराईला द्यावी की न द्यावी, हा विषय ज्या देवस्थानच्या बैठकीत येईल, तेथे येणाऱ्या भाड्याची रक्कम कोणीतरी वाचून दाखवीलच. त्या वेळी झऱ्याचा तो निःस्वार्थ मित्र होऊन उभे राहणे, हे महाजनांचे पहिले कर्तव्य आहे.