अंगणांतली जीप



गेलीं दोन वर्षें आमच्या घरामागील अंगणांत एक जीपगाडी उभी आहे. ‘उभी’ हा शब्द मी जरा उदारपणें वापरीत आहें. कारण त्यांतील निम्म्याहून अधिक काळ ती उभी नसून पसरलेली होती. तुळशीवृंदावनाशेजारीं सांगाडा, पडवींत गिअरबॉक्स, आणि ज्या बाजेवर उन्हाळ्यांत आमच्या घरचे पापड वाळतात तिच्यावर डिझेलांत धुतलेले नटबोल्ट, अशी तिची व्यवस्था होती. गाडी माझ्या पुतण्याची. १९६८ सालीं नोंदलेली, डाव्या बाजूस सुकाणूचें चाक असलेली, उंच बॉनेटाची सी.जे. ३ बी जातीची ही जीप एका बागाईतदाराच्या गोठ्यामागें पावसांत सडत होती. भंगाराच्या भावाहून थोडें अधिक देऊन पुतण्यानें ती आणली.

मी आयुष्यभर शाळेंत इतिहास शिकविला. यंत्रांतलें मला कांहीं कळत नाहीं. परंतु गाडी येऊन तीन महिने होतात न होतात तोंच आम्हां काकापुतण्यांत असा एक वाद उपस्थित झाला, कीं त्याच्या निवाड्यासाठीं मला माझ्याच विषयाकडे वळावें लागलें. गाडींत मूळचें पेट्रोलचें इंजिन नव्हतें. आधींच्या मालकानें तें काढून त्या जागीं दुसऱ्याच कुठल्या गाडीचें डिझेल इंजिन बसविलें होतें. नोंदणीपुस्तकांत मात्र इंधन ‘पेट्रोल’ असेंच राहिलें होतें. पुतण्याचा बेत असा, कीं याहून नवें व जोरकस डिझेल इंजिन घालावें, पॉवर स्टिअरिंग बसवावें, पुढें डिस्क ब्रेक लावावे, टायर रुंद घ्यावे आणि गाडी घेऊन सह्याद्रीच्या आडवाटांनीं हिंडावें. माझें म्हणणें, गाडी मूळ रूपांत आणावी. तो म्हणाला, “काका, मूळ रूप म्हणजे नेमकें कोणतें, तेवढें तुम्ही सांगा. मी तसें करतो.”

उत्तर सोपें असेल अशा समजुतीनें मी शोधूं लागलों.

१९४० च्या उन्हाळ्यांत फ्रान्सचा पाडाव झाल्यावर अमेरिकन सैन्यास एका हलक्या, चारहि चाकांना गति मिळणाऱ्या टेहळणीच्या गाडीची निकड भासूं लागली. १३५ कारखान्यांना पाचारण झालें. पण मुदत इतकी तुटपुंजी होती, कीं पुढें सरसावले ते दोनच. त्यांपैकीं बँटम हा पेनसिल्व्हेनियांतील बटलर गांवचा कारखाना डबघाईस आलेला होता. त्यानें कार्ल प्रॉब्स्ट नांवाच्या इंजिनियरास बाहेरून बोलाविलें. प्रॉब्स्टनें दोन दिवसांत आराखडे काढले, आणि ४९ दिवसांच्या मुदतींतील शेवटच्या दिवशीं, २३ सप्टेंबर १९४० रोजीं, मुदत संपण्यास अवघा अर्धा तास उरला असतां, नमुन्याची गाडी मेरीलंडमधील होलाबर्ड छावणीच्या दारांत येऊन ठेपली.

आतां ४९ दिवसांत गाडीचा प्रत्येक भाग नव्यानें घडविणें अशक्यच होतें. इंजिन घेतलें कॉन्टिनेंटल कंपनीचें. अॅक्सल स्पायसर कंपनीचे, आणि तेहि स्टुडिबेकर मोटारीच्या अॅक्सलांत फेरफार करून तयार केलेले. म्हणजे जगांतली पहिली जीप हीसुद्धां मिळेल तेथून भाग गोळा करून घाईघाईनें जुळविलेलीच गाडी होती! हें वाचलें आणि माझ्या बाजूचा पहिला मोहरा पडला, हें मी पुतण्यास लगेच सांगितलें नाहीं.

पुढची हकीकत बँटमच्या दृष्टीनें कष्टाची आहे. सैन्यानें त्याचे आराखडे विलिस-ओव्हरलँड व फोर्ड या बड्या कारखान्यांच्या हातीं दिले. विलिसचें ६० अश्वशक्तीचें इंजिन सर्वांत दमदार ठरलें, आणि युद्धकाळांत विलिस व फोर्ड या दोघांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. बँटमच्या वांट्यास सुमारें २७०० गाड्या आल्या. त्यानंतर तो जीपच्या मागें जोडावयाचे ट्रेलर बनवीत राहिला.

फोर्डनें बांधलेली जीप विलिसच्या नमुन्याबरहुकूम होती. इकडचा भाग तिकडे बसला पाहिजे, अशी सैन्याची अटच होती. फोर्डवाल्यांनीं आपली ओळख राखण्यासाठीं बोल्टांच्या माथ्यांवरसुद्धां ‘एफ’ हें अक्षर उमटविलें, तरी बोल्ट विलिसच्या गाडींत बिनतक्रार बसत असे. दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी उभी करतां यावी, हा गुण या यंत्राच्या अंगीं असा हेतुपुरस्सर आणलेला आहे. जीप घरच्या अंगणांत खोलतां येते, साध्या पान्यांनीं जोडतां येते, याचें कारण युद्धांत आहे.

युद्ध संपलें आणि जगभर विखुरलेल्या या गाड्या लिलावांत निघाल्या. मग ज्याच्या हातीं ती लागली त्यानें तिला आपल्या गरजेप्रमाणें वांकविलें. फिलिपाइन्समध्यें मॅनिलाच्या कारागिरांनीं तिचा मागचा भाग लांबविला, दोहों बाजूंस समोरासमोर बांकें टाकलीं, वर पत्र्याचें छप्पर घातलें, रंगरंगोटी केली; आणि ‘जीपनी’ या नांवाचें शहराचें सार्वजनिक वाहन निर्माण झालें. अमेरिकेंत सिअॅटल येथें आर्थर वॉर्न नांवाच्या गृहस्थानें १९४८ सालीं एक छोटीशी युक्ति विक्रीस आणली. जीपच्या पुढच्या चाकांना गति देणारे दांडे गरज नसतांहि चाकांबरोबर फिरत राहतात. पक्क्या रस्त्यावर त्यामुळें पेट्रोल व्यर्थ जातें व दांते झिजतात. वॉर्ननें चाकाच्या तोंडाशीं अशी एक टोपी बसविली, कीं तिच्या योगें चाक दांड्यापासून सुटें करतां यावें.

आणि वेल्सजवळच्या अँगल्सी बेटावर रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंते मॉरिस विल्क्स यांच्या शेतावर सैन्याच्या शिलकींतील अशीच एक जीप राबत होती. ती पुरती झिजली तर तिच्याजागीं काय घ्यावें, हा प्रश्न त्यांना पडला. १९४७ सालीं त्यांनीं जीपच्याच सांगाड्यावर एक नमुना उभा केला. त्याचें सुकाणूचें चाक मधोमध होतें! युद्धोत्तर इंग्लंडांत पोलादाची टंचाई, म्हणून वरचा पत्रा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला. ३० एप्रिल १९४८ रोजीं अॅम्स्टरडॅमच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आलेली लँड रोव्हर ती हीच. शेतावरच्या एका जुन्या जीपच्या काळजींतून एवढा वंशविस्तार झाला.

आपल्याकडे काय झालें? १९४५ सालीं मुंबईंत ‘महिंद्र अँड महंमद’ ही पेढी निघाली. तिचे एक भागीदार गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री व पुढें गव्हर्नर-जनरल झाले, आणि १९४८ सालीं पेढीच्या नांवांत ‘महंमद’ याच्या जागीं दुसरें ‘महिंद्र’ आलें. विलिसचे सुटे भाग पेट्यांतून यावयाचे आणि माझगांव येथें त्यांची जोडणी व्हावयाची. पुढें हळूहळू बहुतेक भाग येथेंच घडूं लागले.

परंतु त्याच सुमारास घडलेली एक दुसरी गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. १९४८ सालीं काश्मीरांत युद्ध चालू असतां लंडन येथील आपल्या उच्चायुक्तालयानें एका परदेशी कंपनीशीं दुरुस्त करून घेतलेल्या जुन्या जीपगाड्यांचा करार केला. पहिल्या खेपेस १५५ गाड्या आल्या, आणि त्या कामास अयोग्य ठरल्या. प्रकरण संसदेंत गाजलें; १९५५ सालीं सरकारनें तें मिटल्याचें जाहीर केलें. राजकारण बाजूस ठेवूं. मला एवढेंच दिसतें, कीं बाहेरून रंग दिलेली जीप आणि आंतून दुरुस्त झालेली जीप या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत, आणि त्यांतील भेद कागदावर दिसत नाहीं.

इतकें जमवून मी पुतण्यापुढें बसलों. आमची सी.जे. ३ बी ही मूळची १९५३ सालची रचना. विलिसनें त्या वर्षीं या जातीच्या गाडींत नवें ‘हरिकेन’ इंजिन घातलें. जुन्या इंजिनांत पेट्रोलची हवा आंत घेणारी व धूर बाहेर सोडणारी अशा दोन्ही झडपा बाजूस होत्या. नव्यांत आंत घेणारी झडप वरच्या बाजूस गेली. तिचा आकार वाढला, ताकद वाढली, पण त्याबरोबर इंजिनाची उंचीहि वाढली. तें जुन्या बॉनेटाखालीं मावेना, म्हणून बॉनेटच उंच केलें. आमच्या गाडीचा तो उंच, कांहींसा बोजड चेहरा त्यामुळें आलेला आहे.

पुतण्या हंसला. “म्हणजे काका, विलिसवाल्यांनीं इंजिन बदलून बॉनेट फुगविलें ती सुधारणा, आणि मी बदललें तर भेसळ?”

मजजवळ उत्तर नव्हतें. तें गाडीनेंच दिलें. सांगाडा उघडा करून तारेच्या ब्रशानें घासतांना असें आढळलें, कीं डिझेल इंजिन मावावें म्हणून कोणीतरी मधली आडवी दांडी गॅसनें कापून टाकली होती, आणि उजव्या लांब दांडीवर दोन तुकडे वेल्डिंगनें डकविले होते. त्या वेल्डच्या कडेला केसाएवढी भेग होती. डिझेल इंजिनाचें वजन अधिक, धक्के अधिक. आणि तो भार पेलणारी दांडीच कापलेली. अशी गाडी घाटांत किती वेळां उतरली असेल, हें मनांत येऊन मला कांपरें भरलें. पुतण्याहि बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.

विलिसनें इंजिन बदललें तेव्हां तें कशावर टेकेल याचाहि विचार केला, आणि जें केलें तें लिहून ठेवलें. म्हणून सत्तर वर्षांनीं आम्हांला तें वाचतां आलें. या अज्ञात कारागिरानें कांहींच लिहिलें नव्हतें. माझी तक्रार बदलाविषयीं नसून या मुकेपणाविषयीं होती, हें मला तेव्हां कळलें. पूर्वींच कळलें असतें तर तीन महिन्यांचा वाद वांचला असता.

कायद्याची बाजूहि होती. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला, कीं कारखानदाराच्या मूळ तपशिलाशीं नोंदणीपुस्तक विसंगत ठरेल असा फेरफार वाहनांत करतां येणार नाहीं. २०२१ सालीं पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं निराळे नियम झाले. त्यांप्रमाणें नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षें. मात्र सांगाडा, कवच वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, आणि गाडी रोजच्या वापरास न काढतां प्रदर्शन, जुन्या गाड्यांच्या रॅली अशा प्रसंगींच काढावी. पुतण्यास ही दुसरी अट जाचक वाटली, तें योग्यच होतें. त्याला गाडी चालवावयाची होती. पण मूळ इंजिन परत बसलें तर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात, आणि डिझेल ठेवलें तर दोन्ही बंद होतात, हें त्यास पटलें.

मूळ इंजिन कोठून आणावें? आम्ही पुन्हां त्या बागाईतदाराकडे गेलों. त्याच्या वृद्ध वडिलांनीं काठीनें कडब्याच्या गंजीमागें बोट दाखविलें. तेथें गोणपाटाखालीं तें पडलें होतें. क्रमांक पुसून पाहिला. नोंदणीपुस्तकांतला तोच.

नंतरचें वर्ष कष्टांत गेलें. भेगेच्या टोकाशीं बारीक छिद्र पाडून ती पुढें सरकण्याचें थांबविलें, मग कड घासून वेल्डिंग केलें व आंतून पट्टी रिव्हेटांनीं बसविली. आडवी दांडी दुसऱ्या भंगार जीपमधून मिळाली, आणि ती सुताइतकीहि न हलतां आपल्या जागीं बसली. शहरांतील एका वर्कशॉपनें इंजिन बोअर करतांना एक सिलिंडर ठरल्याहून अधिक कापला, चूक कबूल न करतां पैसे मात्र पुरे घेतले. तेथें लाइनर घालावा लागला. तळाचा सारा पत्रा नवा घातला. ब्रेक ड्रमचेच राहिले, पण आंतले सिलिंडर, नळ्या व अस्तरें नवीं घातलीं. या एका बाबतींत माझ्या मनांत अजून शंका आहे. घाट उतरतांना पुतण्याचे डिस्क ब्रेक बरे झाले असते, असें मला वाटतें. वॉर्नच्या जातीच्या त्या फिरत्या टोप्या त्यानें हौसेनें बसविल्या. मूळ टोप्या डब्यांत घालून, वर चिठ्ठी लावून ठेवल्या आहेत. आणि काय बदललें, केव्हां, कोणत्या मापाचें, हें सारें एका वहींत माझ्या हस्ताक्षरांत लिहिलेलें आहे. यंत्राच्या कामांत माझा हातभार तेवढाच.

गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशीं इंजिन सुरू झालें. आधीं दोनदां खोकलें, काळा धूर ओकलें, मग लागलें. मागील पत्र्यावर ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ हीं अक्षरें रंगविण्याचें काम पुतण्यानें मजकडे दिलें, फळ्यावर लिहिण्याची संवय म्हणून. शेवटचें अक्षर जागा न पुरल्यानें किंचित् आखूड झालें आहे. सौभाग्यवतीनें तें पाहिलें, कांहीं बोलली नाहीं, आणि बाज धुवावयास घेतली.