आजीचा विळा आणि छप्पन्न अंशांची वेज

आमच्या घरी भात कापणीला सहा विळे निघायचे. त्यातले पाच कोणीही उचलावेत. सहाव्याला मात्र आजीशिवाय कोणी हात लावायचा नाही. लावला तरी उपयोग नव्हता, कारण त्याने भात कापलंच जायचं नाही. आजी डावखुरी होती. दातेरी विळ्याचे दाते एकाच अंगाने पाडलेले असतात, त्यामुळे उजव्या हाताचा विळा डाव्या हातात घेतला की तो पेंढ्यावरून नुसता घसरतो. म्हणून आजीने अंबाडीच्या लोहाराकडून स्वतःसाठी उलटा विळा करून घेतला होता. मूठही तिच्या पंजाच्या मापाची होती, म्हणजे लहान. लोहाराने मुठीसाठी काही मोजपट्टी काढली नव्हती. तो म्हणाला, "काकू, हात दाखवा." आजीने हात पुढे केला. झालं माप.

ही गोष्ट मला अठ्ठावीसाव्या वर्षी मुंबईतल्या एका एसी दुकानात आठवली. समोरचा माणूस म्हणाला, "सर, हात सरळ खाली सोडा," आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायला लागला. मी गोल्फच्या वेजचं माप द्यायला गेलो होतो.

हसू नका. मलाही आधी हसूच आलं होतं. भिवंडी-वाडा रस्त्यावरच्या अंबाडीत, जिथून वज्रेश्वरीला फाटा जातो, तिथे 'मी गोल्फ खेळतो' असं सांगणं म्हणजे 'मी घोडा घेतला' असं सांगण्यासारखं आहे. त्यात 'वेज' म्हटलं की पुढचा प्रश्न 'आणि नॉनवेज?' हाच असतो. कंपनीच्या टीमसोबत एकदा नवी मुंबईतल्या रेंजवर गेलो आणि नाद लागला, एवढंच. पण दीड वर्ष माझा प्रत्येक जवळचा फटका उजवीकडे जात होता. शिकवणारा म्हणायचा, "तुझ्यातलं क्रिकेट जात नाही." मी ते मान्यही केलं होतं. आपल्याकडे वस्तू आणि माणूस जुळत नसले, तर चूक माणसाचीच असते ना!

तर वेज म्हणजे काय? शब्दाचा अर्थ पाचर. गोल्फच्या पिशवीतला हा सर्वांत तिरप्या तोंडाचा क्लब. झेंड्याजवळ आलं की चेंडू उंच उडवून अलगद उतरवायला किंवा वाळूच्या खड्ड्यातून बाहेर काढायला तो लागतो. त्याची मापं मुख्यतः चार: दांड्याची लांबी, तोंडाचा तिरपेपणा म्हणजे लॉफ्ट, दांडा जमिनीशी किती अंशात उभा राहतो तो लाय, आणि तळाचा फुगवटा म्हणजे बाउन्स. लॉफ्ट क्लबवर छापलेला असतो, म्हणून नवखा माणूस तेवढाच बघतो. खरी गंमत उरलेल्या तिघांत आहे.

या क्लबचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा वाटलं होतं की सगळे लॉर्ड आणि कर्नल भेटतील. भेटले ते कारागीर. 1457 मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून हेच खेळत बसायचे. पुढे 1502 मध्ये तिथला राजा जेम्स चौथा याने स्वतःच क्लब विकत घेतले. कोणाकडून? पर्थ गावच्या धनुष्य बनवणाऱ्याकडून! ज्या खेळामुळे धनुष्यं बाजूला पडत होती, त्याचेच दांडे तो घडवत होता. लाकूड कसं वाकतं आणि कुणाच्या हाताला किती ताण झेपतो, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार?

लोखंडी क्लब नंतर लोहाराच्या भट्टीतून आले. त्यांच्यातला एक मला फार आवडतो: निबलिक. याचं डोकं आखूड आणि जड असायचं, कारण त्याचं काम होतं बैलगाडीच्या, म्हणजे तिकडच्या घोडागाडीच्या, चाकोरीत अडकलेला चेंडू बाहेर काढणं. मैदान सार्वजनिक होतं, त्यावरून गाड्याही जायच्या. आजच्या वेजचा पूर्वज हा असा शब्दशः चाकोरीबाहेर काढणारा क्लब आहे.

निबलिकची अडचण वाळूत व्हायची. त्याची पुढची कड पातळ असल्याने ती वाळूत रुतून बसायची. यावर तोडगा काढला जीन साराझेन याने. मूळ नाव युजेनियो सारासेनी, न्यूयॉर्कजवळच्या एका इटालियन सुताराचा मुलगा, लहानपणापासून गोल्फ मैदानावर कॅडी. तो सांगायचा की विमान उडवायला शिकताना शेपूट खाली गेली की नाक वर उठतं हे त्याने पाहिलं. मग 1931च्या सुमारास त्याने निबलिकच्या तळाला मागच्या बाजूने धातूचा डाग देऊन देऊन फुगवटा चढवला. आता तळाची मागची बाजू आधी वाळूला लागायची आणि कड रुतायच्या ऐवजी क्लब वाळूतून सरकत पुढे जायचा. 1932ची ब्रिटिश ओपन त्याने हा क्लब घेऊन जिंकली.

हाच तो बाउन्स. शेतकऱ्याच्या पोराला तो समजायला पुस्तक लागत नाही. जुलैत चिखलात पाय टाकताना आपण टाच-चवडा सगळा पसरून टाकतो, टोकदार काठी मात्र सरळ आत जाते. मऊ जमिनीला आणि वाळूला जास्त बाउन्स लागतो, साधारण दहा-बारा अंश किंवा त्याहून थोडा अधिक. मे महिन्यात आमच्या खाचरांना भेगा पडतात, तसल्या कडक जमिनीवर तोच फुगवटा आपटून उसळतो आणि क्लब चेंडूच्या डोक्यावर बसतो. तिथे चार ते आठ अंश बरे. म्हणजे वेजचं माप फक्त माणसाचं नसतं, जमिनीचंही असतं. आमच्या लोहाराला कुदळ मुरमासाठी हवी की मळईसाठी, हे आधी सांगावं लागायचं. मग तो पात्याचं तोंड ठरवायचा.

मग हे माप हरवलं कधी? विसाव्या शतकात. तोवर दांडे हिकरीच्या लाकडाचे असत. एकसारखा दुसरा नसायचा, म्हणून खेळाडू स्वतः हातात धरून, हलवून, एकेक निवडायचा. पोलादी दांड्यांना अमेरिकेत 1924 मध्ये आणि ब्रिटनमध्ये 1929 मध्ये मान्यता मिळाली आणि कारखान्यांना एकसारखे संच काढता यायला लागले. हे वाईट नव्हतं. त्यामुळेच गोल्फ डॉक्टर-वकिलांच्या पलीकडे कारकुनांपर्यंत पोहोचला. पण कारखान्याला एक 'स्टँडर्ड' माणूस ठरवावा लागतो. तो मध्यम उंचीचा गोरा पुरुष होता आणि अर्थातच उजवा. डावखुऱ्याने गोल्फची मोठी स्पर्धा जिंकायला 1963 उजाडावं लागलं. त्या वर्षी न्यूझीलंडच्या बॉब चार्ल्स याने ब्रिटिश ओपन जिंकली. त्याच्यानंतरचा डावखुरा विजेता थेट 2003 मध्ये, कॅनडाचा माइक विअर. मधली चाळीस वर्षं डावखुरी मुलं जन्मत नव्हती असं नाही.

माप परत आणणारा माणूसही कारागीरच निघाला. कार्स्टन सोलहाइम नॉर्वेत जन्मला, अमेरिकेत वाढला. वडील चांभारकाम करायचे. पैशांअभावी कॉलेज सुटलं आणि त्यानेही सिॲटलमध्ये बुटांचं दुकान चालवलं. नंतर तो जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनियर झाला. चाळिशी उलटल्यावर गोल्फ खेळायला लागला आणि हातातला पटर त्याला पटेना, म्हणून 1959 मध्ये त्याने गॅरेजमध्ये स्वतःचा बनवला. चेंडूला लागताच त्याचा 'पिंग' आवाज यायचा, तेच ब्रँडचं नाव झालं. 1970च्या दशकात त्याच्या कंपनीने क्लबवर रंगीत ठिपके द्यायला सुरुवात केली. उंची आणि मनगट ते जमीन हे अंतर सांगा, तुमचा ठिपका कुठला ते तक्त्यात बघा. काळा म्हणजे स्टँडर्ड, लाल म्हणजे थोडा आडवा, निळा म्हणजे थोडा उभा. बूट सगळ्यांना एकाच नंबरचा होत नाही, हे ज्याने आयुष्याची काही वर्षं गुडघ्यावर बसून पाहिलं होतं, त्यालाच हे सुचावं यात मला नवल वाटत नाही.

माझ्या मापाच्या दिवशी दुकानातल्या माणसाने वेजच्या तळाला चिकटपट्टी लावली आणि जमिनीवर प्लास्टिकची फळी ठेवून तिच्यावर दहा फटके मारायला लावले. तळ जिथे फळीला घासतो तिथे पट्टीवर डाग उमटतो. माझे दहाही डाग टाचेकडे. म्हणजे क्लब माझ्यासाठी जास्त उभा होता आणि त्याचं टोक हवेत राहत होतं. मी पाच फूट चार इंच, आणि हात त्या मानाने लांब. आजीचेही तसेच होते.

घरी येऊन मी हिशोब केला, सवय. क्लबचं टोक वर राहिलं की तिरपं तोंड बाजूला वळतं. किती? लायमधली चूक गुणिले लॉफ्टचा टॅन्जंट. 56 अंशांचा टॅन्जंट जवळजवळ दीड. माझी चूक दोन अंशांची, म्हणजे तोंड तीन अंश बाजूला. साठ मीटरवर ते तीन मीटर उजवीकडे होतं. लॉफ्ट कमी असलेल्या क्लबमध्ये हीच चूक खूपच कमी दिसते, म्हणून माझे लांबचे फटके सरळ होते आणि जवळचे वाकडे. दीड वर्ष मी ज्याला माझ्यातलं क्रिकेट समजत होतो, ती त्रिकोणमिती होती.

दुरुस्ती कशी झाली, ती ऐका. मला वाटलं होतं संगणक काहीतरी करेल. त्या माणसाने वेज शिकंज्यात घट्ट आवळली, मानेला एक लांब लोखंडी दांडा अडकवला आणि पूर्ण वजन टाकून तो खाली दाबला. कोनमापी लावली, बघितलं, अजून थोडं दाबलं. दोन अंश. घडीव मऊ पोलाद थंडच वाकतं. मी तिथेच म्हणालो, "अहो, हे तर लोहारकाम!" तो हसला, म्हणाला, "सर, तेच आहे. फक्त एसीत."

हा फरक एसीएवढाच असता तर हा लेख इथे संपला असता. पण आपल्या देशात या खेळाचा इतिहास वेगळा आहे. कोलकात्यात गोल्फ क्लब 1829 मध्ये निघाला, मुंबईत 1842 मध्ये. ब्रिटिश बेटांबाहेरच्या सर्वांत जुन्या क्लबांत त्यांची गणना होते. खेळायचे साहेब, पिशव्या उचलायची आपली माणसं. पुढे साहेब गेले, पिशवी तीच राहिली. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेर याने 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकली. व्यावसायिक भारतीय खेळाडूने ती जिंकण्याची ती पहिली वेळ.

आणि मुंबईत, चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, 1927चा. त्याच्या आसपासच्या वस्त्यांत राहणाऱ्या कॅडींनी आणि पोरांनी गल्लीत स्वतःचा गोल्फ उभा केला. बांधकामाची सळई तापवून, ठोकून, वाकवून क्लब. मुठीला रबरी नळीचा तुकडा. चेंडू प्लास्टिकचा, म्हणजे कुणाच्या पत्र्याला आणि डोक्याला धोका नाही. पोलंडचे छायाचित्रकार तोमाश गुझोवाटी यांनी या खेळाची चित्रमालिका केली आणि जगाने 'स्लम गोल्फ' म्हणून ती पाहिली. ते फोटो मी मोबाइलवर मोठे करून बघितले, फक्त क्लबांच्या माना. सळई वाकवणारा कुठल्या तक्त्याला बांधील नसतो. त्याचं गिऱ्हाईक समोर उभं असतं किंवा तो स्वतःच असतो. दिवसभर दुसऱ्याची मापाची पिशवी वाहायची आणि संध्याकाळी स्वतःच्या मापाचा क्लब स्वतः वाकवायचा.

पूर्वी सगळं कसं छान होतं, असं मला म्हणायचं नाही. आजीला उलटा विळा देणाऱ्या लोहाराला वर्षाकाठी खळ्यावर भात मिळायचं, तेही सगळ्यांचं मोजून झाल्यावर. तो सगळ्या गावाचं माप ओळखून होता, पण जातीने नेमून दिलेलं काम सोडायची मुभा त्याला नव्हती. त्याच्या नातवाने भट्टी विझवली आणि गोदामात नोकरी धरली, ती योग्यच केली. आज अंबाडी नाक्यावर विळे टांगलेले मिळतात, स्वस्त आणि सगळे उजवे. दुसरीकडे, माझ्या वेजला दोन अंश वाकवायला मी जे पैसे मोजले, ते घरी अजून सांगितलेले नाहीत. माप एकेकाळी गरिबाला सहज मिळायचं आणि ते देणारा गरीब राहायचा. आता ते पैसेवाल्याला मिळतं आणि बाकीच्यांना सांगितलं जातं की सवय करून घ्या.

शाळेत मला उजव्या हाताने लिहायला लावलं होतं. पाटीवर डाव्या हाताने अक्षर काढलं की छडी. आजी घरी म्हणायची, "विळा बदलता येतो, मग पोराचा हात कशाला बदलायचा?" तेव्हा कोणी ऐकलं नाही. मी आजही उजव्याने लिहितो, वाईट लिहितो.

परवा घरी गेलो तेव्हा माळ्यावरून तो विळा काढला. दाते झिजलेत, मूठ काळी पडलीय. डाव्या हातात धरला, तर मूठ बरोबर बसली. ती आजीच्या मापाची आहे, म्हणजे माझ्याही. मागच्या पडवीत वेज उभी होती, तिच्या शेजारी ठेवून दिला.