पट्टा, हार्नेस आणि एक साधा प्रश्न
१९३१ साली न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग उघडली, तेव्हा काचा पुसणारे खिडकीबाहेर उभे राहायचे. कमरेचा पट्टा चौकटीच्या बोल्टला अडकवलेला. सुरक्षित वाटतं ना? आता गणित करा. २ मीटर पडलात की वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर. पट्टा तो सगळा झटका पोटावर देतो. माणूस लटकतो खरा, पण आतून जखमी होऊ शकतो. हार्नेस तोच झटका मांड्या, छाती, खांद्यांवर वाटून देतो. तरी अमेरिकेत बांधकामावर पडणाऱ्याला रोखायला नुसता पट्टा चालणार नाही, हे ठरलं १९९८ला!
ब्रिटनच्या २००५च्या नियमांनी आधीचा प्रश्न विचारला: वर चढायलाच हवं का? क्षार काढलेलं पाणी वाळलं की डाग उरत नाहीत, त्यामुळे खालच्या मजल्यांच्या काचा जमिनीवरूनच लांब दांड्याच्या ब्रशने धुता येतात. उंचावर दोर लागतोच; पण त्याचा नंबर दुसरा.