लहान मुलांची भूल : भीती आणि वस्तुस्थिती

‘भुलीमुळे बाळाच्या मेंदूवर परिणाम तर होणार नाही ना?’ मुलाची शस्त्रक्रिया ठरली की बहुतेक पालकांच्या मनात हा प्रश्न येतो. या भीतीला शास्त्रीय पार्श्वभूमी आहे.

अमेरिकेतील संशोधकांनी २००३ मध्ये उंदरांच्या सात दिवसांच्या पिल्लांना भुलीची नेहमीची औषधे सहा तास दिली. त्यांच्या मेंदूतील पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या आणि पुढे ती शिकण्यात मागे पडली. मात्र उंदराच्या मेंदूची वाढ काही आठवड्यांत होते, तर माणसाच्या मेंदूची वाढ अनेक वर्षे चालते. त्यामुळे हा निष्कर्ष मुलांना जसाच्या तसा लागू होत नाही.

मुलांवरील अभ्यास

सात देशांतील ७२२ तान्ह्या बाळांवर या विषयातील सर्वात महत्त्वाचा अभ्यास झाला. जांघेतील हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी काहींना संपूर्ण भूल देण्यात आली, तर काहींचा फक्त कमरेखालचा भाग बधिर करण्यात आला. संपूर्ण भुलीचा कालावधी साधारणपणे तासाभराहून कमी होता. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा पाच वर्षांच्या झालेल्या या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक दोन्ही गटांत ९९ च्या आसपास होता.

अमेरिकेतच मेयो क्लिनिकने ९९७ मुलांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये जाहीर झाले. तिसऱ्या वाढदिवसापूर्वी एकदा किंवा अनेकदा भूल घेतलेल्या मुलांच्या बुद्ध्यांकात लक्षणीय फरक आढळला नाही. अनेकदा भूल घेतलेली मुले मात्र विचारांचा वेग आणि हातांची सूक्ष्म कौशल्ये यांत किंचित मागे होती. हा परिणाम भुलीचा की मूळ आजाराचा, हे अशा पाहणीतून ठामपणे सांगता येत नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये दिलेला इशाराही तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांहून अधिक काळ किंवा वारंवार दिल्या जाणाऱ्या भुलीपुरता होता.

खरा धोका श्वासाचा

युरोपातील ३३ देशांत ३१ हजारांहून अधिक प्रसंगांच्या पाहणीत (२०१७) सुमारे पाच टक्के मुलांमध्ये भुलीदरम्यान किंवा लगेच नंतर गंभीर अडचणी आल्या. त्यांत श्वसनाच्या अडचणी सर्वाधिक होत्या. वय जितके लहान, तितका धोका अधिक. भूलतज्ज्ञाच्या अनुभवाने तो कमी होतो, असेही दिसले.

पालकांनी काय करावे?

* सर्दी, खोकला, ताप, दमा किंवा अ‍ॅलर्जी असल्यास आधीच सांगावे.
* उपाशी ठेवण्याच्या सूचना काटेकोर पाळाव्यात. साधारणपणे घन आहार व वरचे दूध सहा तास, आईचे दूध चार तास आणि पाणी दोन तास आधी थांबवतात. पोटातील अन्न फुफ्फुसात जाऊ नये, हा त्यामागील हेतू.
* लहान मुलांना भूल देण्याचा भूलतज्ज्ञाचा अनुभव विचारावा.
* अनेक शस्त्रक्रिया लागणार असतील, तर काही एकाच भुलीत उरकता येतील का, हे विचारावे.

केवळ भीतीपोटी आवश्यक शस्त्रक्रिया मात्र लांबवू नये. हर्नियात आतडे अडकू शकते, जन्मजात मोतीबिंदू वेळेत न काढल्यास दृष्टी विकसित होत नाही. शस्त्रक्रिया थांबू शकते का, हे डॉक्टरांना विचारावे. ती थांबू शकत नसेल, तर एकदाच दिलेल्या अल्पकाळच्या भुलीचे भय बाळगण्याचे कारण नाही.