एक्सएफएल
अमेरिकन फुटबॉलची एक व्यावसायिक साखळी स्पर्धा. ‘नॅशनल फुटबॉल लीग’ या प्रमुख स्पर्धेला पर्याय म्हणून ती २००१ मध्ये व्हिन्स मॅकमहन यांच्या पुढाकाराने सुरू झाली; परंतु एकाच हंगामानंतर बंद पडली. २०२० मध्ये त्यांनी तिचे पुनरुज्जीवन केले. तथापि कोरोनाच्या साथीमुळे पाच आठवड्यांतच सामने थांबले व कंपनीचे दिवाळे निघाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ड्वेन जॉन्सन, डॅनी गार्सिया व रेडबर्ड कॅपिटल यांनी ती सुमारे १.५ कोटी डॉलरना विकत घेतली. २०२३ मध्ये आठ संघांची स्पर्धा होऊन आर्लिंग्टन रेनेगेड्स हा संघ विजेता ठरला. पुढे यूएसएफएल या प्रतिस्पर्धी स्पर्धेशी विलीनीकरण होऊन २०२४ मध्ये युनायटेड फुटबॉल लीग अस्तित्वात आली. दोन्हींच्या सोळा संघांपैकी आठच उरल्याने अनेक खेळाडूंची संधी मात्र हुकली.