पुसलेली माणसे, कोरलेली नावे

इटलीतील राव्हेन्ना नगरीची प्राचीन ख्रिस्तमंदिरे जडणचित्रांसाठी विख्यात आहेत. काचेच्या व दगडाच्या रंगीत कपच्या चुन्यात बसवून ती घडविलेली आहेत. त्यांपैकी सांत आपोलिनारे नुओव्हो हे मंदिर गॉथ राजा थिओडोरिक याने सहाव्या शतकाच्या आरंभी बांधविले. इ. स. ५४० मध्ये सम्राट जस्टिनियनच्या सैन्याने नगर घेतले. पुढे भिंतीवरील राजप्रासादाच्या चित्रातील माणसे काढून त्यांच्या जागी पडदे जडविण्यात आले. मात्र खांबांवर आलेले काही हात तसेच राहून गेले. लेख खोडल्याचा पुरावा खोडलेल्या जागीच सापडावा, तसा हा प्रकार होय.

याच परिसरातील सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा पलटणीचे नामदेव जाधव यांनी दोघा जखमींना खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणले, आणि शत्रूची मशीनगन-ठाणी मोडून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. ते मायदेशी परतले. अनेक परतले नाहीत. जवळच्या फोर्ली येथे, स्वधर्माप्रमाणे अग्निसंस्कार झालेल्या भारतीय सैनिकांची नावे स्मारकावर कोरलेली आहेत. चितेनंतर त्यांची एवढीच खूण तेथे उरली. राव्हेन्नास जाणाऱ्या आपल्या यात्रिकाने ते हात अवश्य पाहावेत, आणि ही नावेही वाचून यावे.